तालुक्याच्या कोर्टाचा बोर्ड

तालुका न्यायालयाच्या दारापाशी दिवसाच्या प्रकरणांची यादी लागते. वकील आणि कारकून तिला ‘बोर्ड’ म्हणतात. प्रत्येक नंबराआधी ओळखीची अक्षरं असतात. आर.सी.एस. म्हणजे नियमित दिवाणी दावा. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला, एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त खटला. निकाल लागल्यावर त्याची अंमलबजावणी मागायची ती ‘दरखास्त’. लहान तालुक्यात हे सगळं एकाच खुर्चीपुढे येतं, कारण पाटीवरच लिहिलेलं असतं: दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग. सकाळी बांधाचा वाद ऐकणारे साहेब दुपारी चोरीच्या आरोपीची पोलीस कोठडी ठरवतात.

दिवाणी बाजूचा मोठा भार जमिनीचा. दाव्याची किंमत ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच तो कनिष्ठ स्तराकडे येतो. मग बाजारात लाखोंची असलेली जमीन इथे कशी? कोर्ट फी कायद्याने शेतजमिनीचं मूल्यांकन बाजारभावाने होत नाही, शेतसाऱ्याच्या पटीत होतं. त्यामुळे कागदावर दावा लहान राहतो आणि तालुक्यातच चालतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

वाटपाच्या दाव्यात ‘सरस-निरस मानाने वाटप’ मागितलं जातं. अशा दाव्यांत बहिणी आता वादी म्हणून उभ्या दिसतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. तरीही ‘हक्कसोडपत्रावर सही कर’ म्हणून माहेरून निरोप येतातच, आणि सही न करणारी कोर्टात येते. न्यायालय हिस्से ठरवून देतं. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप मात्र जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावं लागतं, त्यामुळे हुकूमनामा हातात आल्यावरही तहसील आणि मोजणी खात्याच्या खेपा सुटत नाहीत.

दाव्यासोबत बहुधा एक अर्ज येतो, तूर्तातूर्त मनाईचा. त्याला ‘निशाणी ५’ म्हणतात. नांगर घालू नये, भिंत बांधू नये, विक्री करू नये, एवढंच त्यात मागितलेलं असतं. पण दाव्याला वर्षं लागतात, म्हणून पक्षकारांची खरी लढाई या अर्जावरच होते.

फौजदारी बाजूला मारामारी, चोरी, बेदरकार वाहन चालवणं, दारूबंदी, जुगार. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दंडाची मर्यादा १० हजारांवरून ५० हजार रुपये केली. खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालतो, तरी अटक झालेला आरोपी चोवीस तासांच्या आत पहिल्यांदा उभा राहतो तो बहुधा याच खोलीत. पोलिसांनी मारहाण केली का, हा प्रश्न त्याला इथे विचारायचा असतो. तो मनापासून विचारला जाणं फार महत्त्वाचं आहे, असं मला वाटतं.

एस.सी.सी.च्या गठ्ठ्यात धनादेश न वटल्याची प्रकरणं खच्चून असतात. पतसंस्था, खताचे दुकानदार, हातउसने देणारे नातेवाईक, सगळेच तिथे भेटतात. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर महिन्याभरात फिर्याद. हे गणित चुकलं की चांगलं प्रकरणही अडचणीत येतं.

घटस्फोट कनिष्ठ स्तराकडे येत नाही. पण जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे पोटगीचा अर्ज इथेच होतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्जही इथे होतो. हा अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. तारखांवर तारखा पडतात तेव्हा कडेवर मूल घेऊन एसटीने आलेल्या बाईची मजुरी बुडते. बोर्डावरच्या सगळ्या प्रकरणांत पहिला पुकारा हिचा व्हावा.

या न्यायालयाचं मोल कळतं ते उलटतपासात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो, वकील सूचना घालतात आणि मराठीत टंकलं जातं: ‘हे म्हणणे खरे आहे की, बांधावरील बाभळ माझ्या वडिलांनी लावली. हे म्हणणे खोटे आहे की, मी प्रतिवादीस ताबा दिला.’ शेवटी जबाब वाचून दाखवतात आणि साक्षीदार खाली सही किंवा अंगठा करतो. पुढे अपिलात वरची न्यायालयं या कागदावरच विसंबतात. दिवाणी प्रकरणात उच्च न्यायालयातलं दुसरं अपील तर कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यापुरतंच असतं. बाभळ कुणाची, याचा निकाल या खोलीत लिहिलेल्या दोन ओळींवर ठरतो. न्यायव्यवस्थेतले नवखे अधिकारी आणि तुटपुंजे कर्मचारी आपण नेमके इथेच बसवतो, ही मला सर्वांत मोठी चूक वाटते.

आणि दरखास्त. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचं निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये नोंदवलं होतं. ताबा घ्यायला बेलीफ गावात जातो तेव्हा आजही कुणीतरी नवा हरकतदार पुढे येतो, आणि त्या हरकतीची पुन्हा चौकशी लागते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. लोक अदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील होत नाही.