तीन ड्रम, एक मोटर

सकाळी सहा

हंगाम मोटारी जळण्याचा आहे. ज्वारी-हरभरा पाण्यावर आलाय, म्हणजे आठ वाजले की दुकानापुढे जळक्या मोटारी घेऊन माणसं उभी राहणार. त्याआधीचे दोन तास दगडांचे. बोरीत परभणी-जिंतूर रस्त्याला आमचं वाइंडिंगचं दुकान. त्याच्या मागच्या पडवीत गोणी उपडी केली. हा माल नदीतला थोडा, विहिरींच्या मलब्यातला जास्त. आपला काळा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंडावताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर सिलिका येऊन साचत गेली आणि गारगोटी, अकीक तयार झाला. विहीरवाले ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या भोकाभोकाच्या थरात असा माल बऱ्यापैकी निघतो.

निवडताना घाई करून चालत नाही. पांढरे, चमकणारे झिओलाइटचे स्फटिक आधी बाजूला काढायचे. स्टिल्बाइट आणि त्याच्या सोबतीला सापडणारं अपोफिलाइट दिसायला देखणे, पण मोहच्या मापावर पाचाच्या पुढे जात नाहीत. अकीक साडेसहा ते सात. दोन्ही एका ड्रममध्ये घातले तर झिओलाइटचं पीठ होतं. ते स्फटिक जसे निघाले तसेच जपायचे असतात, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड ठेवलेत तसे.

उरलेला प्रत्येक दगड ओला करून उन्हाकडे धरला. ओला दगड सुकत असताना चीर असेल तिथं पाण्याची रेघ मागे राहते. ती दिसली की दगड बाद. मधासारख्या रंगाचा एक चांगला मोठा होता, आतल्या वर्तुळांच्या रेघा अगदी ठळक. पण कडेला चीर निघाली. हातोडीने तिथंच दोन केले.

आठ

दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक पाच एचपीची पाणबुडी घेऊन आलं. मोटार खाली ठेवता ठेवता त्यांचं लक्ष मागच्या सांगाड्याकडे गेलं.

“हे काय करायलाव मिस्तरी? पिठाची गिरणी?”

“दगड घासायचं यंत्र हाय काका.”

“दगड कामून घासायचे? नदी घासतीच की.”

काकांचं चूक नाही. फरक एवढाच, की नदीला घाई नसते आणि तिच्याजवळ कार्बोरंडम नसतं.

साडेदहा

वाइंडिंगवर पोरगा बसला आणि मी सांगाड्याला हात घातला. अँगलची चौकट काल जोडून झाली होती. आज 20 मिलिमीटरचे दोन शाफ्ट, दोन्ही टोकांना यूसीपी 204 ब्लॉक बेअरिंग. शाफ्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत 10 सेंटिमीटर ठेवले. ड्रम 160 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे आहेत; शाफ्ट फार जवळ आले तर ड्रम उडी मारतो, फार लांब गेले तर मधे रुततो. एक शाफ्ट मोटरवर फिरणार, दुसरा नुसता साथीला. दोन्हींवर रबरी पाइप चढवला. नाहीतर गुळगुळीत लोखंडावर ड्रम घसरतो, शाफ्ट फिरत राहतो आणि ड्रम जागेवर. रबरी पाइप कोरडा चढत नाही. साबणाचं पाणी लावून, पिळत पिळत सरकवावा लागतो.

मग पाणसळ. चौकट जरा जरी एका अंगाला कललेली असली, तरी तिन्ही ड्रम हळूहळू त्याच टोकाला सरकतात आणि तिथं घासत बसतात. जमीनच वाकडी आहे, म्हणून पायांना बोल्ट ठेवलेत. ते फिरवून चौकट आणली पाणसळीत. तरी टोकाला एक छोटं बेअरिंग आडवं लावलं, ड्रम टेकलाच तर त्यावर फिरत राहील.

बारा

लाइट गेली. वेल्डिंग थांबलं, म्हणून हिशेब काढला. मोटर पाव एचपी, मिनिटाला 1440 फेरे. मोटरवर दोन इंची पुली, शाफ्टवर बारा इंची: शाफ्टचे 240 फेरे. रबरासकट शाफ्टची जाडी 27 मिलिमीटर, ड्रमची 160. म्हणजे ड्रम मिनिटाला चाळीसच्या आसपास फिरेल. बरोबर तेवढंच हवं. या मापाचा ड्रम शंभराच्या थोडा पुढे गेला, की आतले दगड भिंतीला चिकटून नुसते गोल फिरतात, घासण्याचं नाव नाही. चाळीसला ते भिंतीबरोबर थोडे वर चढतात आणि एकमेकांच्या अंगावरून खाली घसरतात. घासणं होतं ते या घसरण्यात. वेग वाढवला की काम लवकर उरकतं असं सगळ्यांना वाटतं. वाढतात ते दगडांचे टवके.

दोन

जेवून ड्रम घेतले. पाइपला बाजारातली एंड कॅप बसवणं सोपं, पण कॅपचा काठ पाइपाच्या वर येतो आणि ड्रम शाफ्टवर लंगडत चालतो. म्हणून दोन्ही तोंडांना आतून बूच: दोन चकत्यांमध्ये जाड रबर, मधून बोल्ट. विंग नट आवळला की रबर दबून कडेला फुगतं आणि पाइपला गच्च बसतं. ड्रमच्या आत ट्रकच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. ते पीव्हीसी झिजू देत नाही, दगडांना वर चढवतं, आणि रात्री शेजाऱ्यांना झोपू देतं.

हेच काम खंबातच्या अकीकवाल्यांकडे पूर्वी कातडी पिशवीत व्हायचं. मणी, कुरुंदाची भुकटी आणि पाणी भरलेली पिशवी दोन माणसं समोरासमोर बसून एकमेकांकडे लोटायची, दहा-पंधरा दिवस. आता तिथंही मोटरवरचे ड्रम आहेत. आपल्याकडचा मालही जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणहून असले दगड गाड्या भरभरून भडोचला जात असल्याची नोंद आहे, आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळचे मणी बघायला मिळतात. पण खंबातची दुसरी गोष्टही ध्यानात ठेवायला हवी. कोरडा अकीक घासणाऱ्यांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ बसते, सिलिकोसिस होतो, आणि त्याला औषध नाही. ड्रममध्ये सगळं पाण्यात चालतं, तेवढी धूळ टळते. गाळ मात्र वाळल्यावर झाडायचा नाही, ओला असतानाच उचलायचा.

पाच

बेल्ट चढवून रिकामे ड्रम फिरवले. मधला जरा खडखडतोय. बुचाचा बोल्ट बाहेर लांब राहिलाय. कापला.

साडेसहा

जुना एकेरी ड्रम उघडला. यातले दगड 80 नंबरच्या कार्बोरंडममध्ये फिरून झालेत. झाकण सैल करताच फुस्स झालं. आत कधी कधी वायू धरतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस रोज एकदा नट ढिला करून घ्यावा. गाळ पातळ पिठल्यासारखा, राखाडी. तो बादलीत. नालीत ओतला तर बसून दगड होतो, आणि मग नगरातले सगळे आपल्या दारात.

दगड धुवायला तास गेला. ब्रश, चाळणी, पुन्हा पाणी, पुन्हा ब्रश. तीन ड्रम कशाला, एकच मोठा का नाही केला, असं पोरगा सकाळपासून विचारतोय. त्याला एक दगड हातात दिला. वरून गुळगुळीत, पण एका खळगीत काळा चमकता कण अडकलेला. “हा एक कण पॉलिशच्या ड्रमात गेला, तर सगळ्या घाण्यावर ओरखडे.” त्याने सुईने तो काढला. मग आपणहून दुसऱ्या दगडाची खळगी शोधायला लागला. माल दुप्पट निघावा म्हणून तीन ड्रम केलेले नाहीत. पहिल्यात फक्त 80 नंबर. दुसऱ्यात 220, आणि खरवडून धुतल्यावर 500. तिसऱ्यात पॉलिशची पावडर सोडून दुसरं काही कधीच जाणार नाही, त्याचं बूचसुद्धा वेगळं ठेवायचं.

साडेआठ

भरणी. नवा माल पहिल्यात, धुतलेला दुसऱ्यात, दोन्ही पाऊण ड्रमच्या आत. मोठ्यांबरोबर बारीकही घालायचे. नुसते मोठे असले की मधे फटी राहतात आणि घासणं होत नाही. दगडाच्या किलोमागे साधारण 50 ग्रॅम कार्बोरंडम. पाणी वरच्या थराच्या किंचित खाली. तिसरा ड्रम रिकामाच. त्याची पाळी यायला दोन-तीन आठवडे तरी आहेत. काका मोटार झाली का विचारायला आले, ड्रमला कान लावून उभे राहिले. “आवाज तर बारीक येतोय.” बारीकच यायला हवा. ठणठण आली तर माल कमी पडलाय, काहीच ऐकू आलं नाही तर जास्त भरलाय.

दहा

दोन्ही ड्रमवर मार्करने नंबर आणि तारीख टाकली. मोटरला हात लावून बघितला: कोमट. पाव एचपी म्हणजे 186 वॅट, पण तो शाफ्टवर मिळणारा जोर. मीटरवर त्याहून जास्त चढतं, आणि ही मोटर रात्रंदिवस चालणार. म्हणून तिला वेगळा एमसीबी दिला आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. लाइट गेली आणि तासाभरात आली तर चिंता नाही. रात्रभर गेली तर गाळ तळाला बसून दगड धरून ठेवतो, आणि लाइट आल्या आल्या मोटर अडकते. तेव्हा सकाळी सुरू करायच्या आधी ड्रम हाताने दोन फेरे फिरवून घ्यायचा, हे पोराला बजावलं. त्यानंतर पाणबुडीचं उरलेलं काम.