अनाहूत दूरध्वनि

यवतमाळ जिल्ह्यांतील मुकुटबन हें कापसाच्या मुलखांतलें गांव. माजरीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचें स्थानक आहे. तेथें भर दुपारीं शेतांत उभ्या असलेल्या माणसाच्या खिशांतला दूरध्वनि वाजावा आणि पलीकडून त्याला पुण्यांतील सदनिका घेण्याचा आग्रह व्हावा, यांत गंमत आहे खरी. पण याच गलबल्यांत दवाखान्याचा निरोप राहून गेला, म्हणजे गंमत सरते.

दारावरच्या फेरीवाल्याला दार लावून घेतां येतें. या फेरीवाल्यासाठींहि दार आहे, मात्र तें थोड्यांनाच ठाऊक असतें. अशा नकारांची नोंदवही देशांत २००७ सालीं सुरू झाली. सध्यांचे नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१८ मध्यें केलेले आहेत. १९०९ या क्रमांकावर रोमन अक्षरांत ‘स्टार्ट ०’ असा संदेश पाठविला कीं सर्व जाहिरातींना नकार नोंदविला जातो. बँका, घरें-जमिनी, शिक्षण, आरोग्य अशा प्रकारांपैकीं निवडूनहि नकार देतां येतो. बँकेच्या देवघेवीचे संदेश त्यानें थांबत नाहींत, ही भीति व्यर्थ आहे.

मग नोंद करूनहि त्रास कां उरतो? एक तर दुकानांतील कागदावर न वाचतां केलेली सही. आपण स्वतः दिलेली संमति नकारावर मात करते. ती वेगळी मागें घ्यावी लागते. दुसरें कारण अधिक अवघड. नोंदणी केलेला व्यापारी १४० नें सुरू होणाऱ्या क्रमांकावरून बोलतो आणि ओळखूं येतो. नियम मोडणारा साध्या दहा आंकडी क्रमांकावरून बोलतो. त्याच्यावर इलाज एकच, तक्रार.

फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीनें ही वाट बरीच सोपी केली. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली, आणि नकार नोंदविलेला नसला तरी तक्रार चालते. पूर्वीं सात दिवसांत दहा तक्रारी आल्यावर अशा क्रमांकावर कारवाई होई. आतां दहा दिवसांत पांच पुरतात. म्हणजे एका आळींतील पांच घरांनीं मनावर घेतलें तरी काम भागतें! तक्रारींत क्रमांक, तारीख आणि बोलण्याचा थोडक्यांत मतलब द्यावा. बोलणारा ठकच निघाला आणि पैसे गेले, तर मात्र १९०९ उपयोगाचा नाहीं; तेव्हां विलंब न करितां १९३० फिरवावा.