ईसीयूचे साक्षीदार

थ्रॉटलची झडप किती उघडली आहे, हे इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते फक्त व्होल्टेज. जुन्या धाटणीच्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरमध्ये झडपेच्या दांड्याबरोबर एक काटा कार्बनच्या पट्टीवर सरकतो. पट्टीला ५ व्होल्ट मिळतात. झडप बंद असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट असतो, पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या आसपास.

दोन्ही टोकांना थोडी जागा मोकळी सोडली आहे, आणि मला या रचनेतलं सगळ्यात मोठं शहाणपण तिथेच दिसतं. सेन्सर आणि वायरिंग धडधाकट असेल तर शून्य किंवा पाच हा आकडा येऊच शकत नाही. आकडा फार खाली गेला तर पी०१२२, फार वर गेला तर पी०१२३ हा कोड नोंदला जातो. पण स्कॅनरवर कोड दिसला की लगेच सेन्सर बदलायचा, ही घाई चुकीची आहे. सेन्सरची अर्थिंग तुटली तरी सिग्नल ५ कडे चढतो आणि पी०१२३ च येतो. जाणता मेकॅनिक आधी कपलर काढून बघतो. बऱ्याच गाड्यांत मोकळी सिग्नल वायर ईसीयूच्या आतून शून्याकडे ओढलेली असते. आकडा खाली उतरला तर ती वायर ठीक आहे. शोध सेन्सर आणि अर्थिंगपुरता उरतो.

अवघड असतो तो पटण्याजोगा खोटा आकडा. सिग्नल १.२ व्होल्टवरच अडकून राहिला तर मर्यादेच्या तपासणीत तो सहज सुटतो. मग ईसीयू इतर साक्षीदारांकडे वळतो: इंजिनाचे फेरे, मॅनिफोल्डमधला दाब. सेन्सर झडप जवळजवळ बंद सांगतोय आणि हवा भरपूर येतेय, तर पी०१२१. मात्र तफावत ठरावीक वेळ टिकावी लागते. नाहीतर खड्ड्याच्या प्रत्येक हादऱ्याला चेक इंजिनचा दिवा लागेल.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये पेडलपासून झडपेपर्यंत केबलच नसते. तिथे एका साक्षीवर विसंबणं धोक्याचं, म्हणून सेन्सरला दोन सिग्नल असतात. अनेक गाड्यांत एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो, बेरीज ५ च्या आसपास राहते. अर्थिंग गंजली की दोन्ही आकडे एकाच दिशेला सरकतात आणि बेरीज बिघडते. पी२१३५ नोंदवून ईसीयू सहसा झडपेच्या मोटरचा पुरवठा तोडतो. स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून ठेवते. पिकअप जातो, पण तेवढ्या हवेवर गाडी हळूहळू चालते, आणि भरधाव सुटण्याचा धोका टळतो.