दडा बसलेला कान आणि हातातले दिवस

लेखमाला : कान आणि ऐकणं, भाग 5

सकाळी उठल्यावर एका कानाला दडा बसलेला असतो. सर्दी नाही, ठणका नाही, पण त्या कानाला मोबाइल लावला की समोरचा माणूस जणू बोलतच नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, मळ असेल, कोमट तेल घाल. मग तेल, मग मेडिकलमधून आणलेले थेंब, मग ‘लग्नाची गडबड उरकली की दाखवू’. सांगलीतल्या विश्रामबागहून मिरजेकडे जाताना दवाखान्यांच्या पाट्या संपत नाहीत. तरीही अशी माणसं कानाच्या डॉक्टरांपुढे बसतात तेव्हा तीन-चार आठवडे उलटून गेलेले असतात. यातला प्रत्येक दिवस मोलाचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मागच्या भागात पडदा आणि त्यामागची तीन हाडं पाहिली. तिथला बिघाड बहुतेक वेळा दुरुस्त होतो. आजचा बिघाड त्याहून आत, शंखासारख्या वेटोळ्या कॉक्लियात किंवा तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत होतो. डॉक्टर त्याला सेन्सरीन्यूरल बहिरेपणा म्हणतात, आपल्याकडे ‘कानाची नस सुकली’ म्हणतात. पुष्कळदा नस शाबूत असते आणि मेलेल्या असतात त्या केशपेशी. एका कानात त्या साधारण पंधरा हजार असतात. आवाजाच्या लाटांचं विजेच्या संदेशात रूपांतर त्याच करतात. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात, माणसाच्या कानात येत नाहीत. त्यातही बारीक, तीव्र स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतं रे, पण कळत नाही.’ स्वर पोचतात, पण स, श, फ, च ही व्यंजनं गळतात. अशा वेळी त्यांच्या कानाशी ओरडून काही साधत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलायला हवं.

या बहिरेपणाची कारणं अनेक आहेत : वय, वारसा, गोवर-गालगुंड, मेंदूज्वर, जन्मानंतरची तीव्र कावीळ. आणखी एका कारणाची, म्हणजे औषधाची, आठवण मिरजेच्या याच रस्त्यावर उभी आहे. विश्रामबाग ओलांडलं की वानलेसवाडी लागते. 1894 मध्ये मिरजेत इस्पितळ काढणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाचं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम इथलं. तेव्हा क्षयावर सारी भिस्त मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती यांवर होती. 1943 मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि या रोगावर पहिल्यांदाच परिणामकारक औषध मिळालं. पण जीव वाचवणारं हे इंजेक्शन आतल्या कानाला बाधायचं. कुणाचा तोल जायचा, कुणाचं ऐकणं जायचं. त्याच कुळातली कानामायसिन आणि अमिकासिन ऐकण्यावर जास्त घाव घालतात. काही घराण्यांत आईकडून मुलांकडे येणारा एक जनुकीय दोष असतो. त्यांच्यात अशा औषधाचे मोजके डोसही कान घालवू शकतात. आईच्या माहेरी ‘इंजेक्शनानंतर बहिरा झाला’ अशी कुणाची हकिकत असेल, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर आता बेडाक्विलिनसारख्या गोळ्या आहेत. 2016 पासून त्या सरकारी कार्यक्रमात आल्या आणि इंजेक्शनं मागे पडत गेली. क्षयाच्या रुग्णांच्या कानांसाठी इतकी चांगली बातमी फार दिवसांत आली नव्हती.

आता पुन्हा त्या दडा बसलेल्या कानाकडे. तोंड मिटून ‘हूं…’ असा लांब हुंकार द्या. आवाज दडा बसलेल्या कानात घुमला, तर मळ किंवा पडद्यामागचं पाणी असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात घुमला, तर आतल्या कानाची शंका घ्यायची. हा नुसता इशारा आहे. निदान होतं ते ऐकणं मोजणाऱ्या ऑडिओमेट्रीवर, आणि ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हावी. तीन दिवसांच्या आत ऐकणं निदान 30 डेसिबलनी घसरलं असेल, तर ती तातडीची बाब धरतात. पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करतात. मधुमेहींची साखर त्यांनी चढते, म्हणून पडद्यातून थेट मधल्या कानात इंजेक्शन देण्याचा मार्गही आहे. गोळ्यांनी गुण आला नाही तरी तो वापरतात. बऱ्याच जणांचा कान औषधाविनाही थोडाफार परततो, त्यामुळे स्टेरॉइडचं श्रेय किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. माझं मत स्पष्ट आहे : गेलेला कान मागून मिळत नाही, तेव्हा संधी सोडू नये. सोबत गरगरणारी चक्कर असेल किंवा ऐकणं पुरतं गेलं असेल, तर आशा कमी धरावी लागते. नसेवरची गाठ नाही ना, हे पाहायला एमआरआयही काढतात.

सततच्या मोठ्या आवाजाने जाणारा कान मात्र असा एका रात्रीत जात नाही. विट्याच्या यंत्रमागावर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या कामगाराचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, पाहा. रेघ सरळ येते आणि 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात कोसळते. तो खड्डा पडतो तेव्हा त्याला गप्पा नीट ऐकू येत असतात, त्यामुळे तो तपासायलाच येत नाही. 85 डेसिबलमध्ये आठ तास ही कानाची मर्यादा मानली, तर प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतो पाव तास. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढे लेकराला खांद्यावर घेऊन उभं राहणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा.

मेलेली केशपेशी जिवंत करणारं औषध नाही. श्रवणयंत्र उरलेल्या पेशींना मोठा आवाज पुरवतं. पेशी उरल्याच नसतील, तर कॉक्लियर इम्प्लांट तारेवाटे थेट नसेला संदेश देतं. जन्मतः बहिऱ्या बाळाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि यंत्र सहाव्यापर्यंत व्हावं, कारण मेंदू भाषा पकडतो तो पहिल्या काही वर्षांत. केंद्राच्या ॲडिप योजनेत लहानग्यांची शस्त्रक्रिया मोफत होते. त्याचं काम मुंबईची अली यावर जंग संस्था पाहते. पण इम्प्लांट चालू झाल्याच्या दिवशी मूल बोलू लागत नाही. पुढे महिनोन्‌महिने वाचा-उपचार असतात, आणि त्यात आईबाप रोज घरी किती बोलतात यावर बरंच अवलंबून असतं. कानामागचा प्रोसेसर कधीतरी बिघडतो, वायर तुटते, हमी संपते. तो खर्च कोण उचलणार, सुटे भाग सांगलीत मिळतील की पुण्या-मुंबईला जावं लागेल, हे शस्त्रक्रियेच्या आधीच विचारून घ्या.

पुढच्या आठवड्यात : कानातला ‘सूं’ आवाज.