वेस्लियन मिशनची वाढ आणि पाली भाषा
इ. स. १८१४ मध्ये इंग्लंडच्या वेस्लियन मेथॉडिस्ट पंथाचे धर्मप्रचारक श्रीलंकेत उतरले. त्यांचे नेते थॉमस कोक वाटेत समुद्रावरच निवर्तले होते. तरी कार्य थांबले नाही. शाळा व मुद्रणालय यांच्या बळावर मिशन वाढले. बेंजामिन क्लफ यांनी १८२४ मध्ये पालीचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले. गॉगर्ली यांनी पाली ग्रंथांचा व्यासंग करून त्यांच्याच आधारे बौद्ध मताचे खंडन आरंभिले. भिक्खूंनीही १८६२ पासून स्वतःची मुद्रणालये चालविली आणि १८७३ च्या पानदुरा येथील जाहीर वादात गुणानंद थेरांनी मिशनला समर्थ उत्तर दिले. परक्यांनी खंडनासाठी पाली आत्मसात केली. आपण ती निदान आकलनासाठी तरी शिकावी, असे आम्हांस वाटते.