सेल्फ फिरतो, ट्रक का नाही?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या आसपास तापते. त्यात डिझेलचा फवारा उडाला की ते आपोआप पेटतं. म्हणून सेल्फ जोमात फिरूनही ट्रक सुरू होत नसेल, तर आधी सायलेन्सरकडे बघावं. पांढरा धूर येतोय? मग डिझेल पोचतंय, पेटत नाही. कॉम्प्रेशन उतरलं असेल किंवा थंडी कडाक्याची असेल. धूरच नाही, तर डिझेल आत जातच नाही.

अशा वेळी बहुधा लाइनने एअर धरलेली असते. टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला, वॉशर ढिला राहिला, निमित्त काहीही. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. पंपाचा सगळा जोर बुडबुडा चेपण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. जुन्या पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँडपंप मारायचा. आधी फेस फसफसतो, मग सलग धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. (त्याआधी स्टॉप केबल ओढलेली राहिली नाही ना, तेवढं बघा.) कॉमन रेलच्या नव्या ट्रकमध्ये मात्र हाय प्रेशर पाइपाच्या नटाला हात लावू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो; ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते.