दुसऱ्या वीजजोडणीची किंमत

एका इमारतीला वीज किती वाटांनी यावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभियंत्यांचा वाटतो. वास्तविक जोखीम कोणी पत्करावी आणि तिची किंमत कोणी मोजावी, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न त्यात दडलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने त्याला दिलेले उत्तर म्हणूनच अभ्यासण्याजोगे आहे. ही संहिता प्रथम १८९७ साली सिद्ध झाली आणि आज दर तीन वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती निघते. ती स्वतः कायदा नव्हे. राज्ये आणि नगरे तिचा स्वीकार करतात, तेव्हा तिला कायद्याचे बळ लाभते.

संहितेचा मूळ नियम सरळ आहे : एका इमारतीला एकच वीजजोडणी. या नियमामागे काटकसर नाही, आग आहे. धुराने भरलेल्या इमारतीत शिरणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानाला वीज पूर्णपणे बंद झाली आहे, याची खात्री हवी असते. जिवंत तारेपाशी तो सावधपणे वागतो. मृत समजलेली तार जिवंत निघाली, तर सावध होण्यास त्याला अवसरच मिळत नाही.

तथापि नियमाला अपवाद आहेत. अग्निशमन पंप, आपत्कालीन दिवे, पर्यायी वीजनिर्मिती, अतिविस्तृत इमारत, भिन्न दाबाची गरज अशा कारणांसाठी दुसरी जोडणी घेता येते. एक अपवाद भाराचा आहे. एक हजार व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यावर गरज दोन हजार अँपिअरच्या पुढे गेली, तर दुसरी जोडणी मान्य होते. मोठी रुग्णालये किंवा संगणककेंद्रे मात्र तेरा हजार व्होल्टच्या आसपास वीज घेतात. अमेरिकेत यास मध्यम दाब म्हणतात. महावितरणच्या परिभाषेत तोच उच्च दाब ठरतो. ४८० व्होल्टवर दोन हजार अँपिअर लागणारा भार १३,२०० व्होल्टवर अवघ्या ७३ अँपिअरमध्ये भागतो. साहजिकच भाराची सबब येथे चालत नाही. अशा इमारती दुसरी जोडणी मागतात ती मुख्यतः खात्रीच्या पुरवठ्यासाठी, आणि संहिता त्या कारणालाही मान्यता देते.

येथेच हिशेबाचा खरा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या जोडणीचा लाभ इमारतीच्या मालकाला मिळतो. धोका मात्र इतरांच्या वाट्याला येतो : आगीत शिरणाऱ्या जवानाच्या आणि रस्त्याखाली केबल जोडणाऱ्या कामगाराच्या. रोहित्र हा काही एकेरी वाहतुकीचा रस्ता नव्हे. एका जोडणीची वीज कमी दाबाच्या बाजूने दुसऱ्या रोहित्रात शिरली, तर ती पलीकडे पुन्हा हजारो व्होल्टची होऊन बाहेर पडते आणि कंपनीने बंद केलेली केबल जिवंत होते. हे टळावे म्हणून दोन मुख्य स्विच आणि त्यांना जोडणारा तिसरा स्विच यांना तीन कुलुपे, पण किल्ल्या दोनच, अशी योजना करतात. स्विच बंद केल्याविना त्याची किल्ली निघत नाही. त्यामुळे तिन्ही स्विच एकाच वेळी चालू करणे अशक्य होते. माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबण्यापेक्षा ही किल्लीची शिस्त अधिक भरवशाची.

याहून साधी, पण तितकीच महत्त्वाची अट पाटीची आहे. इमारतीला एकाहून अधिक जोडण्या असतील, तर प्रत्येक मुख्य स्विचपाशी इतर सर्व जोडण्या कोठे आहेत आणि त्या कोणता भाग पुरवतात, हे सांगणारा कायमचा फलक असलाच पाहिजे. कोट्यवधी डॉलरच्या यंत्रणेत या पाटीची किंमत नगण्य. परंतु दुसऱ्याच्या जिवावर घेतलेल्या जोखमीची निदान माहिती त्याला द्यावी, हे तत्त्व तिच्यात आहे.

अर्थात, वाटा वाढवल्या की भरवसा वाढतोच, असेही नाही. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला. सहा जण मृत्युमुखी पडले, हजाराहून अधिक जखमी झाले. तेथील आपत्कालीन जनित्रे सुरू झाली खरी. पण त्यांना थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्याच स्फोटात फुटल्याने ती तापून बंद पडली. हजारो लोकांना धुराने भरलेले अंधारे जिने उतरावे लागले. कागदावर स्वतंत्र असलेली व्यवस्था प्रत्यक्षात एकाच तळघराच्या भरवशावर उभी होती.

हा विचार आपल्यालाही परका नाही. १५ मीटरहून उंच इमारतींचा पुरवठा संकटकाळी पूर्ण तोडता येईल असे साधन दर्शनी जागी असावे, अशी तरतूद आपल्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही आहे. पण 'पूर्ण' हा शब्द दिवसेंदिवस कठीण होत चालला आहे. गच्चीवर सौर पॅनेल आले, तळमजल्यावर जनित्र आले. मुंबई उपनगरांत तर एकाच क्षेत्रात दोन कंपन्यांना वीज विकण्याचा परवाना आहे. प्रवेशद्वाराजवळचा एकच स्विच खाली ओढून सारी इमारत विजेपासून मोकळी होईल, हे गृहीत धरता येत नाही.

गृहनिर्माण संस्थांच्या सभांत वाहनतळावरून तास-तास वाद चालतात. त्यातील पाच मिनिटे या प्रश्नासाठी काढून, इमारतीत वीज कोठून कोठून येते आणि ती कोठे तोडायची, हे सांगणारी मराठी पाटी मीटरच्या खोलीबाहेर लावली, तर खर्च काही शेकड्यांत भागेल. ती वाचण्याचा प्रसंग कदाचित कधीच येणार नाही. आला, तर ती वाचणारा माणूस त्या इमारतीत राहणारा नसेल. तेथे राहणाऱ्यांसाठी आत शिरणारा असेल.